सरासरी आधी की समीकरण आधी? विश्वातील विषमता आणि विश्वाचे सरासरी प्रसरण

कोरडवाहू (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात राहतो. घरची कोरडवाहू शेती आहे आणि तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. माझा प्रश्न विश्वाच्या प्रसरणाविषयी आहे. परंतु तो मला शेताच्या बांधावर सुचला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गेल्या खरिपात एका रात्री आमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर ५८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तरच अतिवृष्टी धरली जाते, त्यामुळे कागदोपत्री ती रात्र साधी ठरली. प्रत्यक्षात नाल्याकाठचे आमचे सोयाबीन मातीसकट खरडून गेले होते, आणि दोन कोसांवर मामांच्या शिवारात ढेकूळही विरघळले नव्हते. त्या हंगामात हे असेच चालत राहिले. दोन्ही शेतांच्या पावसाची सरासरी काढली असती तर ती सोयाबीनला अगदी मानवेल अशी निघाली असती. पीक मात्र दोन्हीकडे हातचे गेले. सरासरी पावसावर जे पीक यायला हवे ते, आणि प्रत्यक्ष पावसावर आलेल्या पिकाची सरासरी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता विश्वाकडे वळतो. अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये आणि जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये प्रसरणाची जी समीकरणे मांडली, त्यांत सारे द्रव्य पातळ धुक्यासारखे सर्वत्र एकसारखे पसरलेले आहे असे गृहीत धरलेले असते, आणि आपण आजही वर्गात तेच शिकवतो. बाल्यावस्थेतील विश्व खरोखरच तसे होते. त्या काळापासून आजवर येत राहिलेल्या प्रकाशाच्या, म्हणजे सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारणाच्या, तापमानातील चढउतार साधारणपणे एका लाखात एक भाग एवढेच आहेत, आणि १९९२ साली कोबे उपग्रहाच्या निरीक्षणांतून ते प्रथम उघड झाले. आजचे विश्व मात्र तसे राहिलेले नाही. दीर्घिकांचे समूह सरासरीच्या शेकडो पट घन आहेत, तर त्यांच्यामधल्या पोकळ्यांच्या गाभ्यात सरासरीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके द्रव्य उरले आहे. स्वातीचा तारा ज्या भूतप तारकासमूहात आहे त्या दिशेला १९८१ साली सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षे रुंदीची पोकळी सापडली. उलट पुण्याच्या आयुका आणि आयसर येथील खगोलशास्त्रज्ञांनी २०१७ साली जाहीर केलेला 'सरस्वती' महासमूह सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे पसरलेला आहे.

माझा प्रश्न असा. आधी द्रव्याची सरासरी काढून ती समीकरणात घालणे, आणि खऱ्या विषम द्रव्यासाठी समीकरण सोडवून नंतर उत्तराची सरासरी काढणे, या दोन वाटांनी आपण एकाच ठिकाणी पोहोचतो का? पोहोचत नसू, तर अंतर किती पडते? विश्वाच्या प्रसरणाला वेग देते असे मानली जाणारी कृष्ण ऊर्जा ही वस्तुतः अस्तित्वात नसून चुकीच्या सरासरीतून निर्माण झालेला भास आहे, असेही काही शास्त्रज्ञ म्हणतात असे वाचनात आले. मुलांना सांगण्याआधी मला स्वतःला हे नीट समजून घ्यायचे आहे.

वैनगंगाकाठ (प्रतिसाद)

सर, आपला प्रश्न विश्वरचनाशास्त्राच्या पायालाच हात घालतो. तो १९६० च्या दशकापासून अधूनमधून मांडला जात होता. विश्वरचनाशास्त्रज्ञ जॉर्ज एलिस यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात तो इतक्या नेमकेपणाने मांडला की त्यानंतर त्याकडे दुर्लक्ष करणे कठीण झाले. मी भंडारा जिल्ह्यातला. पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी या विषयावर प्रकल्प केला होता, तेव्हापासून तो माझ्या मनातून गेलेला नाही.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय 'नाही' असे आहे. आईन्स्टाईन यांच्या १९१५ सालच्या गुरुत्वाकर्षणाच्या, म्हणजे व्यापक सापेक्षतेच्या, समीकरणांत एका बाजूला द्रव्य आणि ऊर्जा असते, तर दुसऱ्या बाजूला अवकाश-कालाची भूमिती. द्रव्याची बाजू सरासरीला सहज वश होते. भूमितीची बाजू होत नाही, कारण तिच्यात राशींचे एकमेकींशी गुणाकार येतात, आणि गुणाकाराची सरासरी म्हणजे सरासऱ्यांचा गुणाकार नव्हे. सर्वांत साधे उदाहरण घ्या. २ आणि ८ या संख्यांची सरासरी ५, तिचा वर्ग २५. आता आधी वर्ग करा: ४ आणि ६४, त्यांची सरासरी ३४. मधला ९ चा फरक कुठून आला? मूळ संख्या सरासरीपासून ३ ने दूर होत्या आणि ३ चा वर्ग ९. म्हणजे हा फरक केवळ चढउतारांतून आलेला आहे; दोन्ही संख्या ५ असत्या तर तो शून्य झाला असता. विश्वाच्या बाबतीत या फरकाला 'बॅकरिअ‍ॅक्शन' म्हणतात. मी त्याला 'प्रतिपरिणाम' म्हणतो, कारण पार्श्वभूमीवर वाढलेल्या विषमतेने उलट त्या पार्श्वभूमीलाच ढकलणे हा त्याचा अर्थ आहे.

हा प्रतिपरिणाम समीकरणात कसा दिसतो, हे समजण्यासाठी एका भारतीय शास्त्रज्ञाच्या कामापासून सुरुवात करावी लागते. कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ साली एक समीकरण प्रसिद्ध केले. द्रव्याचा एक लहानसा पुंजका काळाबरोबर किती फुगतो, किती ताणला जातो आणि किती फिरतो, यांचा परस्परसंबंध ते समीकरण सांगते, आणि त्यासाठी विश्व एकविध असण्याची अट त्यात नाही. जर्मनीचे थॉमस बुखर्ट यांनी २००० साली, केवळ दाबरहित आणि न फिरणाऱ्या द्रव्यापुरता विचार करून, रायचौधुरींच्या समीकरणाची एका मोठ्या प्रदेशावर सरासरी काढली. त्यांना मिळालेले समीकरण जवळजवळ फ्रीडमन यांचेच होते. फक्त त्यात एक जादा पद आले. त्या पदाचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे ठिकठिकाणच्या प्रसरणदरांतील चढउतार, अगदी वरच्या ९ सारखा, आणि तो सरासरी प्रसरणाला वेग देणारा आहे. दुसरा भाग म्हणजे द्रव्य एका दिशेने ताणले आणि दुसऱ्या दिशेने दाबले जाण्याचा परिणाम. तो उलट प्रसरणाला लगाम घालतो. या दोघांच्या वजाबाकीतून जे उरते तोच प्रतिपरिणाम.

चढउतारांमुळे वेग वाढतो ही गोष्ट प्रथम ऐकताना विचित्र वाटते, कारण गुरुत्वाकर्षण तर सर्वत्र ओढणारेच आहे. येथे मला पतसंस्थेतील ठेवीचे उदाहरण उपयोगी पडले. एका खात्यात १ लाख रुपये ४ टक्के चक्रवाढीने आणि दुसऱ्यात १ लाख रुपये १२ टक्के चक्रवाढीने ठेवले, तर पहिल्या वर्षी एकूण रक्कम ८ टक्क्यांनी वाढते. वीस वर्षांनी पहिल्या खात्यात सुमारे २ लाख १९ हजार आणि दुसऱ्यात सुमारे ९ लाख ६५ हजार असतात, आणि त्या वेळी एकूण रकमेचा वाढीचा दर सुमारे साडेदहा टक्के झालेला असतो. कोणत्याही खात्याचा दर बदललेला नाही; जलद वाढणाऱ्या खात्याचा एकूण रकमेतील वाटा वाढला, एवढेच घडले. विश्वातील पोकळ्या म्हणजे १२ टक्क्यांचे खाते. तिथे ओढणारे द्रव्य कमी, म्हणून प्रसरण जलद, म्हणून एकूण घनफळात त्यांचा वाटा उत्तरोत्तर मोठा. दाट प्रदेश आकुंचन पावून घनफळाच्या हिशेबातून जवळजवळ बाहेरच पडतात. आज विश्वाचे बहुतांश घनफळ पोकळ्यांचेच आहे.

आपल्या शेताच्या उदाहरणाला मला एवढीच भर घालावीशी वाटते की शेतात पाऊस कमीजास्त पडला तरी एकराचा एकर राहतो. विश्वात मात्र जिथे द्रव्य कमी पडते तिथली जमीनच वाढत जाते.

तरीही एक सावधगिरी आवश्यक आहे. ठेवीचे दर स्थिर होते. विश्वात प्रत्येक प्रदेशाचा स्वतःचा दर गुरुत्वाकर्षणामुळे सतत घटत असतो. पोकळ्यांचा वाटा वाढल्याने मिळणारा नफा या घटीवर मात करण्याइतका मोठा आहे की नाही, हा केवळ तत्त्वाचा प्रश्न नाही. तो आकड्यांनीच सुटेल.

पीक कापणी प्रयोग (प्रतिसाद)

मी खगोलशास्त्राचा अभ्यासक नाही. बुलढाणा जिल्ह्यात कृषी क्षेत्रात काम करतो आणि पावसाच्या नोंदी व उत्पादनाचे अंदाज हा माझा रोजचा विषय आहे. मूळ प्रश्नातील पावसाच्या उदाहरणात दोन वेगळ्या अडचणी एकत्र मिसळल्या आहेत, असे मला आदरपूर्वक सुचवावेसे वाटते.

मंडळाचा ५८ मिलिमीटर हा आकडा मुळात सरासरीच नव्हता. तो एका ठिकाणच्या एका मापकाचा आकडा होता आणि आपण तो सगळ्या मंडळाला लावला. ही नमुन्याची अडचण झाली. दहा ठिकाणी मापक बसवले तर ती बरीचशी दूर होईल. दुसरी अडचण सरांनी पुढे सांगितली ती, म्हणजे खरी सरासरी हाती आली तरी तिच्यावरून पीक काढता येत नाही. ही अडचण कितीही मापक बसवले तरी जाणार नाही, कारण ती पाऊस आणि पीक यांच्या नात्यातच आहे. अवकाशातही या दोन्ही अडचणी आहेत का, आणि शास्त्रज्ञ त्या वेगळ्या ठेवतात का, हे जाणून घ्यायला आवडेल.

मेळघाटचे आकाश (प्रतिसाद)

या प्रतिसादातील भेद फार मोलाचा आहे. विश्वरचनाशास्त्रात त्या दोन्ही अडचणी आहेत, आणि सर्वसाधारण लेखनात त्यांची सतत गल्लत होते.

नमुन्याची अडचण अशी की आपण पृथ्वीवरून, म्हणजे एकाच मापकावरून, मोजतो. आपला परिसर सरासरीपेक्षा थोडा विरळ असेल तर जवळच्या दीर्घिका आपल्याला थोड्या अधिक वेगाने दूर जाताना दिसतील. प्रसरणाच्या दराचे आज दोन आकडे समोर आहेत: प्लँक उपग्रहाच्या पार्श्वभूमी प्रारणाच्या निरीक्षणांवरून दर मेगापार्सेकला (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे) सेकंदाला सुमारे ६७.४ किलोमीटर, तर जवळचे तारे आणि अतिनवतारे (स्फोट होऊन झळाळणारे तारे) वापरून सुमारे ७३. हा फरक आपल्या परिसरातील विरळपणामुळे पडला असेल का, हे अनेकांनी तपासले आहे. नेहमीच्या गणितानुसार अशा स्थानिक कारणाने १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी चूक होऊ शकते. ८ टक्क्यांची दरी त्यातून भरून निघत नाही.

दुसरी अडचण म्हणजे खरा प्रतिपरिणाम. त्याचे आकारमान किती, या प्रश्नावर माझे मत मी आधीच सांगून टाकतो: तो अत्यंत लहान आहे आणि कृष्ण ऊर्जेची जागा घेऊ शकत नाही, असे मानण्यास सबळ कारणे आहेत. त्यांतील मुख्य कारण मी सविस्तर देतो, कारण विषमतेचे मोजमाप कशाने करायचे हे त्यावरूनच समजते.

आपण सगळे घनतेकडे पाहतो. घनतेने मोजले तर विश्व भयंकर विषम आहे. आपल्या पायाखालची पृथ्वी विश्वातील द्रव्याच्या सरासरी घनतेपेक्षा एकावर तीस शून्ये एवढ्या पटीने दाट आहे. परंतु अवकाश-कालाची भूमिती किती बिघडली, हे घनता ठरवत नाही. ते ठरते गुरुत्वीय विभवाच्या खोलीवरून, म्हणजे वस्तुमान भागिले अंतर अशा राशीवरून. या मापाने पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा बिघाड एका अब्जातील एका भागाहूनही कमी आहे, सूर्याच्या पृष्ठभागावर तो सुमारे दहा लाखांत दोन भाग आहे, आणि दीर्घिकांच्या मोठमोठ्या समूहांतही तो साधारण एका लाखात एक ते काही भाग, यापलीकडे जात नाही. कृष्णविवरे आणि न्यूट्रॉन तारे सोडले तर घनता कितीही वाढली तरी विभवाची ही दरी उथळच राहते. डोंगर-टेकड्यांनी भरलेला मुलूख जवळून खडबडीत वाटला तरी पृथ्वीच्या त्रिज्येपुढे त्या उंचीला महत्त्व नसते, तसाच हा प्रकार आहे. अकिहिरो इशिबाशी आणि रॉबर्ट वॉल्ड यांनी २००६ साली नेमका हाच मुद्दा मांडला: घनतेतील फरक प्रचंड असूनही, जवळजवळ सर्वत्र फ्रीडमन यांच्या भूमितीत अगदी किंचित सुधारणा करून आपल्या विश्वाचे वर्णन करता येते, आणि असे वर्णन चालत असेल तर मोठा प्रतिपरिणाम संभवत नाही.

मराठी वाचकांना सांगण्याजोगी गोष्ट अशी की या प्रश्नावरचे एक अतिशय काळजीपूर्वक काम मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले आहे. असीम परांजपे यांनी तेजिंदर पाल सिंग यांच्यासोबत २००८ च्या सुमारास एक दाट गोळा आणि त्याभोवतीची पोकळी यांचे गणित व्यापक सापेक्षतेनुसार अचूक मांडले. त्यात गोळा कोसळू लागण्याच्या टप्प्यापर्यंत, म्हणजे घनतेतील फरक अफाट वाढल्यानंतरही, द्रव्याचे स्थानिक वेग प्रकाशाच्या तुलनेत अल्प राहतात, विभव उथळ राहतो आणि प्रतिपरिणाम नगण्य ठरतो, असे त्यांना आढळले. दीर्घिकांचे स्थानिक वेग साधारणपणे सेकंदाला काही शे किलोमीटर असतात, समूहांच्या आत सुमारे हजार. प्रकाशाच्या वेगाशी त्यांचे गुणोत्तर काढून वर्ग केला की दहा लाखांत एक ते दहा भाग एवढाच आकडा येतो. प्रतिपरिणामाची पातळी सामान्यतः तीच असते.

त्याचे एक भौतिक कारणही आहे. दीर्घिका किंवा समूह एकदा स्थिरावला की आतील गतीची ऊर्जा आणि गुरुत्वाची बंधनऊर्जा यांत असा मेळ बसतो की बाहेरच्या प्रसरणाला त्यांचा वेगळा असा जोर लागत नाही. बाहेरून तो केवळ वस्तुमानाचा एक दाणा ठरतो. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणापुरते बुखर्ट आणि युर्गेन एलर्स यांनी १९९७ सालीच दाखवले होते की तिथे प्रतिपरिणामाचे पद फक्त प्रदेशाच्या सीमेवरून ठरते, आणि संगणकीय प्रारूपांत वापरतात तशा, कडा एकमेकींना जोडलेल्या पेटीत ते पूर्णपणे शून्य होते. म्हणून तो मोठा असायचा असेल तर सापेक्षतेच्या खास परिणामांतूनच यायला हवा, आणि वर सांगितल्याप्रमाणे ते परिणाम उथळ विभवामुळे दबलेले आहेत.

आता हे संगणकावरही तपासले गेले आहे. २०१६ पासून अनेक गटांनी आईन्स्टाईन यांची समीकरणे वापरून विषम विश्वाची प्रारूपे चालवली. युलियन अडामेक, रूट डुरर आणि सहकाऱ्यांनी दुर्बल गुरुत्वाच्या मर्यादेत कणांसह हे केले, तर हेली मॅकफर्सन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली पूर्ण समीकरणे घेऊन, परंतु द्रव्याला प्रवाही मानून केले. दोन्हीकडे मोठ्या प्रमाणावरील प्रतिपरिणाम क्षुल्लकच निघाला.

कोरडवाहू (प्रतिसाद)

तिघांचेही मनापासून आभार. विभवाच्या खोलीचा मुद्दा मला पूर्वी कधीही ध्यानात आला नव्हता. घनतेचे आकडे पाहूनच मी विषमता फार मोठी मानत होतो.

मात्र त्यातून एक नवी शंका उत्पन्न झाली. आपण सरासरी काढतो ती एका क्षणी सगळ्या अवकाशावर पसरलेल्या घनफळाची. कोणताही निरीक्षक असे घनफळ कधी पाहत नाही. आपल्याकडे येतो तो प्रकाश, आणि तो एका बारीक रेषेने, बहुतांश पोकळ्यांतूनच येतो. दीर्घिकेला धडकला तर तो पोहोचतच नाही. मग दूरच्या अतिनवताऱ्याचा प्रकाश मोजताना आपण सरासरी विश्व पाहतो, की फक्त त्याचा रिकामा भाग?

वैनगंगाकाठ (प्रतिसाद)

ही शंका १९६४ साली याकोव झेलदोविच यांना आली होती. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी डायर आणि रोडर यांनी तिचे गणित केले. रिकाम्या वाटेने आलेल्या प्रकाशाच्या किरणशलाकेला सरासरीपेक्षा कमी द्रव्य भेटते, त्यामुळे ती कमी एकवटते आणि वस्तू थोडी मंद, म्हणजे असावी त्याहून दूर दिसते. १९७६ साली स्टीव्हन वाइनबर्ग यांनी त्यावर साधा पण परिणामकारक आक्षेप घेतला: विषमतेमुळे प्रकाश वळतो, परंतु नष्ट होत नाही. काही वस्तू मंद दिसत असतील तर दाट प्रदेशांजवळून आलेला प्रकाश एकवटून काही वस्तू तितक्याच प्रमाणात तेजस्वी दिसल्या पाहिजेत, आणि पुरेशा वस्तू पाहिल्या की सरासरी जागेवर येते. पुढे या युक्तिवादातील बारकाव्यांवर बराच खल झाला, तरी आज जे शेकडो अतिनवतारे एकत्र घेतले जातात त्यांच्यासाठी तो जवळजवळ बरोबर असल्याचे दिसते. एकेका ताऱ्याच्या तेजात मात्र यामुळे खरोखर फरक पडतो आणि मोजमापात किती चूक संभवते याचा अंदाज करताना तो धरावाच लागतो.

'मेळघाटचे आकाश' यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी हा वाद पूर्ण मिटला असे म्हणण्याची माझी तयारी नाही. १९९८ साली अतिनवताऱ्यांवरून प्रसरण वेग घेत असल्याचे दोन गटांनी दाखवले, त्यासाठी २०११ चे नोबेल पारितोषिक दिले गेले, आणि त्या शोधातून एक अवघड योगायोग समोर आला: प्रसरणाला वेग मिळू लागला तो गेल्या पाच-सहा अब्ज वर्षांत, जेव्हा दीर्घिकांचे समूह आणि पोकळ्या ठळक होत होत्या. हा योगायोग मनाला पटत नाही, म्हणूनच फिनलंडचे सिक्सी रासानेन, तसेच एडवर्ड कोल्ब, सबिनो मातारेसे आणि अँटोनियो रियोत्तो यांनी २००४ नंतर प्रतिपरिणामाचा गंभीरपणे विचार करायला घेतला. स्टीफन ग्रीन आणि वॉल्ड यांनी २०११ साली असे सिद्ध केल्याचे सांगितले की लहान प्रमाणावरील विषमतेचा एकत्रित परिणाम फार तर प्रारणासारखा असू शकतो, म्हणजे तो वेग वाढवूच शकत नाही. त्याला बुखर्ट आणि अनेक सहकाऱ्यांनी २०१५ साली दीर्घ उत्तर दिले: त्या सिद्धतेत सुरुवातीलाच एक पार्श्वभूमी गृहीत धरलेली आहे, आणि खरा प्रश्न तर तशी पार्श्वभूमी कायम राहते का हाच होता. हा आक्षेप मला तत्त्वतः योग्य वाटतो, जरी आकड्यांच्या बाबतीत माझा कल विरुद्ध बाजूला असला तरी. संगणकाच्या प्रारूपांविषयीही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. पूर्ण समीकरणे घेणारी प्रारूपे द्रव्याला प्रवाही मानतात, त्यामुळे स्थिरावलेल्या दीर्घिकांच्या आतपर्यंत ती पोहोचत नाहीत. कणांची प्रारूपे तिथवर पोहोचतात, पण विभव उथळ आहे हे गृहीत धरून.

सर्वांत धाडसी मांडणी न्यूझीलंडच्या डेव्हिड विल्टशायर यांची आहे. २००७ पासून ते म्हणत आले आहेत की पोकळीतील घड्याळ आणि दीर्घिकेतील घड्याळ एकाच गतीने चालत नाही, हे सरासरी काढताना विसरले जाते. दुर्बल विभवाच्या नेहमीच्या हिशेबाने हा फरक एका लाखातील एखाद-दुसऱ्या भागाएवढा असतो; त्यांच्या प्रारूपात मात्र भिन्न प्रसरणामुळे तो अब्जावधी वर्षांत साचत जाऊन सुमारे ३५ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. लाखातील एक आणि शंभरातील पस्तीस या दोन उत्तरांमधली तफावत एवढी मोठी आहे की त्यांपैकी एक निखालस चूक असले पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या गटाने सुमारे दीड हजार अतिनवताऱ्यांच्या नोंदी तपासून आपले प्रारूप त्यांना अधिक चांगले जुळते असे प्रसिद्ध केले. परंतु कृष्ण ऊर्जेचा पुरावा केवळ अतिनवताऱ्यांवर उभा नाही. पार्श्वभूमी प्रारण आणि दीर्घिकांच्या वितरणात उरलेल्या, बाल्यावस्थेतील विश्वातील ध्वनिलहरींच्या खुणा यांच्याशीही तितक्याच बारकाईने जुळवून दाखवल्याशिवाय हे प्रारूप स्वीकारता येणार नाही.

वर्गासाठी एक सुचवतो. मुलांकडून दोन गोळ्यांचे गणित करवून घ्यावे. बारावीच्या गणिताला ते पेलते. एक गोळा पूर्ण रिकामा, त्याची त्रिज्या काळाच्या सम प्रमाणात वाढते. दुसरा दाट, त्याची त्रिज्या चक्रजाच्या (घरंगळत्या चाकाच्या कडेवरील बिंदूने काढलेल्या वक्राच्या) नियमाने आधी वाढते आणि मग आटते. दोघांचे घनफळ मिळवून घनमूळ काढायचे आणि त्याचा आलेख काळासमोर मांडायचा. सुरुवातीचे आकार नीट निवडले तर दाट गोळा आटू लागल्याच्या सुमारास एकत्रित आलेख वर वळताना दिसतो, जरी वेग घेणारा गोळा दोघांपैकी एकही नसला तरी. मुलांना ठेवीचे उदाहरण येथे प्रत्यक्ष दिसेल.

त्यानंतर लगेच त्यांना दुसरी गोष्टही सांगावी, अन्यथा अर्धेच सत्य हाती राहील. हे दोन गोळे आपण हवेत सुटे ठेवले. त्यांच्यामध्ये काय आहे, ते एकमेकांना कसे जोडले आहेत, हे आपण पाहिलेच नाही. आईन्स्टाईन आणि अर्न्स्ट स्ट्राउस यांनी १९४५ साली याच्या उलट उदाहरण दिले होते. एकविध विश्वातून एक गोल प्रदेश कोरून काढला आणि त्यातले सगळे द्रव्य मध्यभागी एका बिंदूत गोळा केले, तर उरलेल्या विश्वाच्या प्रसरणाला त्याचा पत्ताही लागत नाही. ते पूर्वीसारखेच चालू राहते. असे कितीही गोल कोरले तरी तेच. तिथे विषमता टोकाची आहे आणि बाहेरच्या प्रसरणावर परिणाम शून्य.

कोरडवाहू (प्रतिसाद)

दोन्ही उदाहरणे वर्गात घेणार आहे, आणि आपण सांगितलेल्या क्रमानेच. काल रात्री घरी दाट गोळ्याचा आलेख हाताने काढून पाहिला. तो जिथे आटू लागतो त्या जागेभोवती बेरजेचा आलेख खरोखरच किंचित वर वळला. सुरुवातीचा आकार थोडा बदलला की ते वळण नाहीसे होते. खऱ्या विश्वातील गोळ्यांना आकार निवडण्याची मुभा नाही, तो पार्श्वभूमी प्रारणातील एका लाखातील एक भागाच्या चढउतारांनी आधीच ठरवून दिला आहे. म्हणून तेच आकडे घालून पुढच्या आठवड्यात मुलांसोबत पुन्हा करून पाहणार आहे. 'पीक कापणी प्रयोग' यांनी सुचवलेला भेद लक्षात ठेवून गावातील पाच शेतांत पाच पर्जन्यमापकही बसवत आहोत. त्यांच्या नोंदींची सरासरी मंडळाच्या आकड्याशेजारी फळ्यावर लिहिली जाईल, आणि प्रत्येक शेताचे एकरी उत्पादन काढणीनंतर त्याखाली.